कव्हरवरची बारीक अक्षरं

चि. ईशान यास,
अनेक आशीर्वाद.

तू पाठवलेलं झांबियाचं गाणं ऐकलं. त्या दिवशी पोळ्या होईपर्यंत तेच पुन्हा पुन्हा लावलं आणि दुपारी 'विच' या बँडचा 'लेझी बोन्स' हा अल्बम सुरुवातीपासून शेवटपर्यंत ऐकला. १९७५ सालचा आहे, म्हणजे मी शाळेत होते तेव्हाचा. गिटारचा तो मुद्दाम फाडलेला, खरखरीत आवाज आणि त्याखाली ड्रमरचं मोकळं, उसळतं वाजवणं. फार आवडलं मला.

मग त्यांच्याबद्दल वाचत बसले. तांब्याच्या खाणींवर उभा असलेला देश, नुकतं मिळालेलं स्वातंत्र्य. अध्यक्ष काउंडांनी रेडिओवर ९५ टक्के संगीत देशी असलं पाहिजे असा हुकूम काढला, आणि जिमी हेंड्रिक्स नि रोलिंग स्टोन्स ऐकून वाढलेल्या तिथल्या पोरांनी आपलं स्वतःचं रॉक उभं केलं. पुढे तांब्याचा भाव पडला, मग एड्सची साथ आली. मूळ 'विच'पैकी गायक जगारी चांदा तेवढा मागे उरला. (जगारी हे नाव त्याला स्टोन्सचा गायक मिक जॅगरवरून पडलं.) बँड सुटल्यावर तो रत्नांच्या खाणीत काम करून पोट भरत होता. त्यांच्या जुन्या रेकॉर्ड अमेरिकेत पुन्हा निघाल्या, लोक त्याला शोधत आले, आणि २०२३ मध्ये त्याने 'झांगो' हा नवा अल्बम काढला. हे वाचून मी तुझ्या बाबांना हाका मारून मारून ते गाणं ऐकवलं.

आता तुझा प्रश्न. 'आई, तुझ्या वेळच्या रॉकमधलं काय काय ऐकू, यादी पाठव.' यादी पाठवत नाही. तीच दहा नावं तुला कुठेही मिळतील. त्यापेक्षा मी सध्या कशी ऐकते ते सांगते. मी माझे जुने आवडते अल्बम एकेक करून परत ऐकते आहे आणि प्रत्येकाच्या श्रेयनामावलीत पाहुणा कोण आहे ते बघते. बँडचा नसलेला, एका गाण्यापुरता आलेला माणूस. त्याचं नाव धरायचं आणि त्याच्या घरी जायचं. लग्नात बायका 'तू कोणाकडची गं?' असं विचारत विचारत थेट सातवी पिढी गाठतात ना, तसं होतं.

यूट्यूब काय, स्पॉटिफाय काय, ऐकलंस त्यासारखंच पुढचं देतात. तू फझ गिटार (तोच तो खरखरीत आवाज) ऐकलीस की आणखी फझ गिटार. त्यातूनच तुला 'विच' सापडले, त्यामुळे मी त्याला नावं ठेवणार नाही. पण माणसाच्या नावामागे गेलं की कुठून कुठे पोचशील ते सांगता येत नाही, कारण वाजवणारी माणसं एकाच प्रकारचं संगीत करत बसत नाहीत.

पिंक फ्लॉइडचा 'विश यू वेअर हिअर' घे. १९७५ चाच. आमच्याकडे त्याची भरून आणलेली कॅसेट होती. तुझ्या मोठ्या मामाच्या वसतिगृहातल्या एका मित्राकडे रेकॉर्ड होती, त्याने कोऱ्या साठच्या कॅसेटवर भरून दिली आणि बॉलपेनने वर नाव लिहिलं. टू-इन-वनवर मी ती पाठ होईपर्यंत ऐकली. पण भरलेल्या कॅसेटवर कोण गातंय, कोण वाजवतंय, काही नसतं. त्यातलं 'हॅव अ सिगार' हे गाणं, ज्यात कंपनीचा माणूस बँडचं तोंडभर कौतुक करतो आणि वर विचारतो की तुमच्यातला पिंक कोण, ते बँडमधल्या कोणीच गायलेलं नाही. ते रॉय हार्पर या इंग्लिश गायकाने गायलं आहे. तो तेव्हा लंडनच्या त्याच ॲबी रोड स्टुडिओत आपल्या अल्बमचं काम करत होता, त्याला बोलावून घेतलं. आवाजात तो जो तिरका, अंगावर येणारा लाघटपणा आहे, तो त्याचा.

मग हार्परच्या घरी गेले. १९७१ चा 'स्टॉर्मकॉक'. अख्ख्या अल्बममध्ये गाणी चार. एका बाजूला दोन, दुसऱ्या बाजूला दोन. ईशान, तुला एकच गोष्ट सांगायची झाली तर हा अल्बम सांगेन. ड्रम जवळजवळ नाहीतच. एक गिटार, एक माणूस, आणि त्याच माणसाचा आवाज एकावर एक रचलेला, इतका की शेवटी देवळात आल्यासारखं वाटतं. दुसरं गाणं, 'द सेम ओल्ड रॉक', बारा मिनिटांच्या वर आहे आणि त्यात हार्परच्या बरोबरीने दुसरी एक गिटार धावते. कव्हरवर त्या वादकाचं नाव 'एस. फ्लेवियस मर्क्युरियस' असं छापलं आहे. तो लेड झेपेलिनचा गिटारवादक जिमी पेज. कराराच्या अडचणीमुळे खरं नाव घालता येत नव्हतं. लेड झेपेलिनच्या तिसऱ्या अल्बमवर, १९७० च्या, शेवटच्या गाण्याच्या शीर्षकातच रॉय हार्परला सलाम आहे, तो कोणाला ते इथे कळतं. चौथं गाणं 'मी अँड माय वूमन' तेरा मिनिटांचं. त्यात डेव्हिड बेडफर्डने वाद्यवृंद बांधला आहे. तो मध्येच येतो, गाण्याला उचलतो आणि परत ठेवतो. हे गाणं घाईत ऐकू नकोस. लोकल पकडायची असेल तर लावूच नकोस.

झेपेलिनचाच चौथा अल्बम, १९७१. जिन्यावरचं ते प्रसिद्ध गाणं, 'स्टेअरवे टू हेवन', तू शंभरदा ऐकलं असशील. त्याच्या आधीच्या गाण्यात, 'द बॅटल ऑफ एव्हरमोर'मध्ये, त्यांचा गायक रॉबर्ट प्लांटच्या जोडीला एक बाई गाते. झेपेलिनच्या स्टुडिओ अल्बमवर पाहुणी म्हणून गायलेली ती एकटीच. सँडी डेनी. ती फेअरपोर्ट कन्व्हेन्शन या इंग्लिश बँडची गायिका. त्यांचा १९६९ चा 'लीज अँड लीफ' म्हणजे बरीचशी ब्रिटनची जुनी लोकगीतं इलेक्ट्रिक गिटार आणि फिडलवर (म्हणजे व्हायोलिनच). सँडी १९७८ मध्ये गेली, एकतिसाव्या वर्षी. इतका धीराचा आवाज आणि इतकं थोडं आयुष्य.

आणि फेअरपोर्टचा फिडलवाला डेव्ह स्वारब्रिक आणि गिटारवाला सायमन निकोल यांची नावं धरून पुढे गेलं की वष्टी बन्यान ही गायिका भेटते. हिच्यावर माझा फार जीव जडला आहे. लंडन सोडून ही मुलगी घोडागाडीतून थेट स्कॉटलंडच्या हेब्रिडीज बेटांकडे निघाली. वाटेत जे दिसलं त्याची गाणी केली. १९७० मध्ये 'जस्ट अनदर डायमंड डे' निघाला, कोणी फारसं विचारलं नाही. तिने गाणं सोडलं, पोरंबाळं वाढवली. जवळजवळ तीस वर्षं. मग घरात इंटरनेट आलं, तिने आपलंच नाव शोधून पाहिलं, आणि कळलं की आपली ती विसरलेली रेकॉर्ड लोक शोधत फिरताहेत. २००० मध्ये ती पुन्हा निघाली, आणि २००५ मध्ये तिचा दुसरा अल्बम आला. पस्तीस वर्षांच्या अंतराने दुसरा! दोन्ही लागोपाठ ऐक. आवाज तोच आहे, पुटपुटल्यासारखा, पण दुसऱ्यात घर चालवलेल्या बाईचं शहाणपण उतरलंय. मला ते ऐकू येतं.

आता आपल्याकडे येते. १९६८ च्या जानेवारीत जॉर्ज हॅरिसन मुंबईला आला आणि एचएमव्हीच्या स्टुडिओत 'वंडरवॉल म्युझिक'चा बराचसा भाग त्याने ध्वनिमुद्रित केला. बीटल्सपैकी कोणाचाही हा पहिला स्वतंत्र अल्बम. त्यात संतूर शिवकुमार शर्मांचं आणि सरोद आशिष खाँचं, म्हणजे उस्ताद अली अकबर खाँच्या चिरंजीवांचं. चार वर्षांनी, १९७२ मध्ये, पेज आणि प्लांट मुंबईत आले आणि इथल्या वादकांना घेऊन त्यांनी आपली दोन गाणी नव्याने वाजवून पाहिली. ती टेप चाळीसहून अधिक वर्षं चोरट्या प्रतींतून फिरली आणि २०१५ मध्ये झेपेलिनच्या 'कोडा' अल्बमच्या वाढीव आवृत्तीत अधिकृतपणे आली. त्यावर वादकांच्या जागी नुसतं 'बॉम्बे ऑर्केस्ट्रा' लिहिलं आहे. मला हे खटकतं. सारंगी, तबला, व्हायोलिन, कोणी कोणी वाजवलं ते एकेका नावाने छापायला हवं होतं.

आशिष खाँचं नाव धरून चाललास की कॅनडातल्या कॅलगरीत पोचतोस. कलकत्त्याची रूपा विश्वास ही तरुण गायिका तिथे भावाकडे गेली होती. तिथे आशिष खाँ आणि स्थानिक वादकांना घेऊन एक रेकॉर्ड झाली, 'डिस्को जॅझ', १९८२. चारच गाणी (चार गाण्यांचे अल्बम माझ्या नशिबात आहेत असं दिसतं). रेकॉर्ड भारतात निघाली आणि बुडाली. रूपाने पुढे ती गोष्ट मनाआड केली. मग कोणीतरी 'आज शनिबार' यूट्यूबवर चढवलं, लाखो लोकांनी ऐकलं, जुन्या प्रतींना परदेशात भरमसाट किंमत येऊ लागली, आणि तिला पत्ताच नव्हता. तिच्या मुलाला घरातली जुनी रेकॉर्ड सापडली, त्याने इंटरनेटवर शोधलं आणि आईला सांगितलं. २०१९ मध्ये ती रीतसर पुन्हा निघाली. रॉक नव्हे, मान्य. पण सरोद आणि डिस्कोचा बेस एकाच गाण्यात एकमेकांना जागा देत चाललेले ऐकायचे असतील तर याहून चांगलं मला माहीत नाही.

नाव छापलेलं असणं किती महत्त्वाचं, त्यासाठी पिंक फ्लॉइडच्याच 'द डार्क साइड ऑफ द मून'कडे बघ. १९७३. त्यातलं शब्दांशिवायचं ते गाणं, 'द ग्रेट गिग इन द स्काय', क्लेअर टॉरीने गायलं. शब्द नकोत एवढंच तिला सांगितलं होतं, बाकी सगळं तिने जागच्या जागी रचलं. रविवारची ड्यूटी म्हणून दुप्पट दराने तिला तीस पाउंड मिळाले. त्या गाण्याची चाल आपलीही आहे हे मान्य करून घ्यायला तिला २००४ मध्ये कोर्टात जावं लागलं. २००५ मध्ये तडजोड झाली आणि मग फ्लॉइडच्या रिचर्ड राइटच्या नावाशेजारी तिचं नाव लागलं. आता ते गाणं ऐकताना मी तिचंच गाणं ऐकते.

ऐकायचं कसं, त्याबद्दल थोडं. शफल बंद कर आणि सेटिंगमध्ये क्रॉसफेड (एक गाणं विरता विरता दुसरं सुरू करणं) असेल तर तेही. फ्लॉइडची गाणी एकमेकांत मिसळलेली आहेत, क्रॉसफेड त्या सांध्यांची वाट लावतं. बाजू संपते तिथे जरा थांब, उठून पाणी पी. तेव्हाचे बँड पहिल्या बाजूचा शेवट आणि दुसऱ्या बाजूची सुरुवात विचार करून ठरवत. एकाच अल्बमच्या पाच-सहा आवृत्त्या दिसतील. रिमास्टर म्हणजे जुनंच मिश्रण पुसून लख्ख केलेलं. रिमिक्स म्हणजे प्रत्येक वाद्याचं वेगळं ध्वनिमुद्रण घेऊन नव्याने जुळवलेलं. जेथ्रो टल या बँडचा 'ॲक्वालंग' (१९७१) मूळ मिश्रणात कोंदट वाटायचा. २०११ मध्ये स्टीव्हन विल्सनने तो पुन्हा जुळवला तेव्हा खोलीची खिडकी उघडली. तो रिमिक्सच ऐक. झेपेलिनचं मात्र जुनंच बरं.

नावं शोधायला डिस्कॉग्ज ही वेबसाइट चांगली आहे. तिथे रेकॉर्डच्या आवृत्त्यांनिशी वादक, तंत्रज्ञ, सगळी नोंद असते, नावावर टिचकी मारली की त्या माणसाची बाकीची कामं समोर येतात. आणि जे जिवंत आहेत, लहान आहेत, त्यांचं बँडकॅम्प या वेबसाइटवरून विकत घे. तिथे डिजिटल विक्रीतले १५ टक्के कंपनी ठेवते, उरलेल्यातून व्यवहाराचा खर्च वजा जाता रक्कम कलाकाराच्या बाजूला जाते. महिन्याला एक अल्बम घेतलास तरी पुष्कळ. पैसे लागले तर माझ्याकडून घे, हे मी मनापासून सांगते.

पहिल्यांदा 'स्टॉर्मकॉक' ऐक, हेडफोन लावून, रात्री जेवण झाल्यावर. मग मला सांग तुला त्यात काय आवडलं नाही. आवडलं ते तर मला माहीतच आहे.

जेवणाची हेळसांड करू नकोस.

तुझी,
आई

ता. क. 'विच'च्याच वेळचा झांबियाचा दुसरा एक बँड आहे, अमानाझ. अल्बमचं नाव 'आफ्रिका', १९७५. हा तू ऐकलास का? मी दोनदा ऐकला, 'विच'पेक्षा मंद आणि जास्त उदास वाटला. त्यात मूळ बँडबाहेरचं कोणी वाजवलंय का ते तू शोध आणि मला कळव. या खेपेला नाव तू शोधायचंस.