बाळ्या, तुझा घोरपड्या बरोबर होता

चिपळूण,
रविवार, दुपार

प्रिय बाळ्या,

स.न.वि.वि. वगैरे आहे असं समज. आठ महिने पत्र नाही, फोन नाही. दिवाळीला एका पणतीचा फोटो पाठवला, तोही मला कुणीतरी पाठवलेला पुढे ढकलला होता. मनातल्या मनात शिव्या देऊन झाल्या असतील तर पुढं वाच. तब्येत ठीक. शुगर जरा वर, गोळी सुरू. आईचा गुडघा आहे तसाच.

आता मुद्दा. तुझ्या गोष्टीतला घोरपड्या बरोबर होता आणि मी चूक. हे वाक्य माझ्याकडून लेखी मिळायला तुला २८ वर्षं लागली. पक्या जवळ असता तर त्यानं ते फ्रेम करून मेसच्या दारावर टांगलं असतं.

तुझ्या त्या गोष्टीच्या वहीतलं पान ३७ आठवतंय? घोरपड्या तटावरून उलटा खाली येतोय, खालून भाला येतो, खांद्यात घुसतो, आणि ‘काळ्या दगडावर शेवाळासारखं हिरवं रक्त पसरलं’. मला ओळ पाठ आहे, बघ. त्या ओळीखाली मी लाल पेनानं लिहिलं होतं, ‘अशक्य. पृष्ठवंशीय प्राण्याचं रक्त लालच.’ वर दोन रेघा. झूलॉजीत पहिला आलेला गाढव! तू तीन आठवडे बोलला नाहीस, मेसमध्ये त्या बोटनीवाल्यांच्या टेबलावर बसायला लागलास, आणि घोरपड्या बिचारा तटाच्या मध्यावर लटकला तो लटकलाच. मी सगळ्यांना सांगत सुटलो की बाळ्या आळशी आहे, त्याच्याच्यानं काही पुरं होत नाही. (आळशी तू होतासच. कपडे भिजवून चार-चार दिवस बादलीत ठेवणारा माणूस. पण वहीचं कारण ते नव्हतं, हे मला तेव्हाही कळत होतं.)

हे आत्ता का उकरून काढतोय, तर मनू. यंदा सहावीत आहे. शाळेच्या हस्तलिखितासाठी तिनं गोष्ट लिहिली. वाशिष्ठीत राहणारा मगरपंख्या, मगरीचं तोंड, वटवाघळाचे पंख, पूर आला की शहरावरून उडत माणसं वाचवतो. २०२१ च्या पुरात पोटमाळ्यावर काढलेली रात्र तिच्या डोक्यातून गेलेली नाही, तेव्हा तर ती एवढीशी होती. तर हा मगरपंख्या विजेच्या तारेत अडकून जखमी होतो. चित्रात पाण्यावर हिरव्या रंगाचा ओघळ. मला म्हणाली, बाबा, फक्त शुद्धलेखन बघ.

फक्त शुद्धलेखन! दोन ऱ्हस्व-दीर्घ काढले आणि तिसऱ्या ओळीला हात आपोआप लाल पेनाकडे गेला. मग बसवलं तिला समोर. आपलं रक्त लाल, कारण हिमोग्लोबिनात लोह. खेकडा, विंचू, माकूल यांच्या रक्तात तांब्याचं हिमोसायनिन, म्हणून ते निळं. समुद्रात काही वलयी किडे आहेत, त्यांचं रक्त पातळ असेल तर हिरवं दिसतं आणि दाट झालं की लाल, पण ते किडे, मगर नव्हे. शेंगदाण्यासारखे दिसणारे दुसरे किडे, त्यांचं जांभळं. अंटार्क्टिकात एक मासा आहे, १९२८ साली एका नॉर्वेजियन माणसाच्या हाती लागला, त्याच्या रक्तात हिमोग्लोबिनच नाही, रक्त पाण्यासारखं. पण तिथलं पाणी शून्याच्याही खाली, गार पाण्यात ऑक्सिजन भरपूर विरघळतो, म्हणून ते थाटमाट परवडतात, तरी त्या माशाला भलंमोठं हृदय बाळगावं लागतं. वाशिष्ठीच्या कोमट पाण्यात असला प्राणी दोन दिवस टिकायचा नाही, उडणं तर सोडूनच दे. उडायचं म्हणजे स्नायूंना दाबून ऑक्सिजन हवा, म्हणजे हिमोग्लोबिन हवं, आणि तेही पेशींत गच्च भरलेलं, म्हणजे रक्त लाल. चाळीस मिनिटं, बाळ्या. फळा नव्हता म्हणून वर्तमानपत्राच्या कडेला आकृत्या काढल्या.

ती म्हणाली, ‘बरं.’

एवढंच. तू निदान वही माझ्या अंगावर फेकली होतीस.

संध्याकाळी पाहिलं तर त्या ओघळावर व्हाइटनरचा पांढरा थर. गोष्ट आता सुमाकडे जाते, माझ्याकडे नाही. रात्री सुमा म्हणाली, ‘अरे, तिचं लाल स्केचपेन संपलंय. म्हणून हिरवं वापरलं.’

हस. मीही हसलो, पण झोप लागेना. तेव्हा आपलं म्हणणं बरोबर होतं एवढी तरी खात्री करावी म्हणून रात्री एक वाजता शोधायला बसलो. आणि तिथंच मेलो.

न्यू गिनीच्या जंगलात सरडे आहेत. सरडे म्हणजे आपल्या सापसुरळीच्या कुळातले. रक्त हिरवं. नुसतं रक्त नाही, जीभ हिरवी, मांस हिरवं, हाडं हिरवी. पाठीचा कणा असलेला, चार पायांचा, खवल्यांचा प्राणी. घोरपड्याचा चुलतभाऊच की! आणि तांब्याबिंब्याचा काही संबंध नाही. जुन्या लाल पेशी मोडतात तेव्हा हिमोग्लोबिनपासून बिलीव्हर्डिन नावाचं हिरवं द्रव्य तयार होतं. आपलं शरीर त्याचं पुढं पिवळं बिलीरुबिन करतं आणि यकृतामार्फत बाहेर काढतं. ते साचलं की कावीळ. हे सरडे हिरवंच रक्तात साठवून ठेवतात, माणूस जगणार नाही इतकं, आणि खुशाल झाडावर किडे मारत बसतात. २०१८ मध्ये अमेरिकेतल्या संशोधकांनी त्यांची वंशावळ लावली तर हे हिरवेपण एकदा नाही, चार वेळा स्वतंत्रपणे आलेलं निघालं. आता त्यांच्या लाल पेशींत हिमोग्लोबिन असतंच, हिरव्यापुढं ते लाल दिसत नाही इतकंच, म्हणजे तसं काटेकोर बघायला गेलं तर मी अगदीच... बघ. सुटत नाही.

आणखी ऐक. या हिरव्या रक्तावरचा शोधनिबंध छापून आला १९६९ साली. मी तुझ्या वहीत लाल पेन फिरवलं १९९६ ला. म्हणजे ‘अशक्य’ लिहिलं तेव्हा ते शक्य असल्याचं छापून २७ वर्षं झाली होती.

त्याहून वाईट म्हणजे पुरावा तुझ्या दंडावर होता. भांडण झालं तेव्हा आठवडाभर आधी माझ्याच बाउन्सरनं तुझा दंड सुजवला होता. मुका मार. आधी काळानिळा, मग कडेनं हिरवट, मग पिवळा. तो हिरवा म्हणजे हेच बिलीव्हर्डिन. तू बाही वर करून वहीचं पान माझ्या नाकासमोर धरलं होतंस, हिरवा डाग माझ्या डोळ्यांपासून वीतभर अंतरावर, आणि मी तुला सांगतोय की कणा असलेल्या प्राण्यात हिरवं शक्य नाही.

तांब्याबद्दल मात्र माझंच खरं. तू ‘स्टार ट्रेक’मधल्या स्पॉकला साक्षीला काढलंस, त्याच्या रक्तात तांबं आणि म्हणून ते हिरवं. मी म्हटलं तांब्याचं रक्त निळं असतं, हिरवं नाही. तर तू काय म्हणालास? ‘तुझ्या आजीच्या घंगाळावर काय चढतं ते सांग.’ सगळी खोली हसली. घंगाळ कळकतं तेव्हा हिरवं होतं, कबूल. पण द्राक्षाच्या बागेत फवारतात तो मोरचूदही तांब्याचाच, तो निळा. तांबं कुणाबरोबर नांदतंय त्यावर रंग. हे तेव्हा सुचलं असतं तर हशा माझ्या बाजूनं पडला असता. २८ वर्षं उशिरा सुचलं.

आता अडचण ही की मनूला सांगायचं कसं. तीन वेळा ठरवून तिच्या खोलीत गेलो. पहिल्यांदा सुरुवात सरड्यापासून केली, पण बिलीव्हर्डिन सांगायचं तर आधी हिमोग्लोबिन मोडावं लागतं, ते मोडेपर्यंत तिनं अंकगणिताची वही उघडली. दुसऱ्यांदा म्हटलं पुराणापासून जाऊ. रक्तबीजाचा थेंब पडला की नवा राक्षस उठतो, त्या थेंबाचा रंग कुणी विचारला का? आणि होमरच्या इलियडमध्ये देवीला भाला लागतो तर तिच्या अंगातून रक्त येत नाही, निराळाच द्रव येतो, आणि कारण काय, तर देव भाकरी खात नाहीत, दारू पीत नाहीत, म्हणून त्यांच्यात रक्त नाही. हे आईनं ऐकलं आणि दारातूनच म्हणाली, ‘मग मी काय वेगळं सांगते? जेवत नाही पोर, अंगात रक्त कुठून येणार!’ आणि बीट किसायला बसली. तो विषय तिथं संपला. तिसऱ्यांदा सुमानं मला दारातच धरलं. म्हणाली, ‘माफी मागतोयस की तास घेतोयस?’

आज सकाळी बोलायचंच नाही असं ठरवलं. कुर्ल्या आणल्या होत्या. नांगी मोडली तिथून पाण्यासारखं आलं, ते वाटीत धरून ओट्यावर ठेवून दिलं आणि गप्प राहिलो. मनू पाणी प्यायला आली. तोवर हवा लागून वाटीतलं करडं-निळं व्हायला लागलं होतं. शाईसारखं नाही रे, नीळ घातलेल्या कपड्यांचं दुसरं पाणी असतं ना, तसं. तिनं वाटी उजेडाला धरली, बराच वेळ फिरवली. मग म्हणाली, ‘आधी पाण्यासारखंच असतं? मग त्याला पाण्यात लागलं तर बाकीच्यांना कळणार कसं?’

मला उत्तर आलं नाही. झुरळाच्या प्रॅक्टिकलला तू असंच काहीतरी विचारलं होतंस. ‘याला रक्तच नाही, मग मेलाय हे कशावरून,’ असं. मॅडमनी तुला बाहेर काढलं आणि मी हसलो. होस्टेलच्या भिंतीवर डासांचे लाल डाग मोजत बसायचो तेव्हाही तूच म्हणायचास, त्यांचं कुठं, हे आपलंच आहे.

गोष्ट तिनं अजून दाखवलेली नाही. हस्तलिखित शुक्रवारी द्यायचंय.

तेव्हा काम असं. ती वही आहे का तुझ्याकडे? मी उतरवून घेतलेल्या पानांचा २०२१ मध्ये जर्नल्ससकट लगदा झाला. मूळ वही नागपूरच्या बदलीत रद्दीत गेली असेल तर तसं सांग, मी काही म्हणणार नाही, म्हणायला तोंडच नाही. पण असेल तर पान ३७ चा फोटो पाठव, लाल शेऱ्यासकट. मला तिला काही समजावायचं नाही, फक्त ते पान दाखवायचंय.

वहिनींची मान कशी आहे? ओंकारला कुठं मिळालं शेवटी? काकांच्या वर्षश्राद्धाला आलो नाही ते मनात आहे, त्यावर समोरासमोर बोलू. तू व्हीआरएस घेतोयस असं पक्या म्हणाला, त्याचं किती खरं धरायचं ते कळव. आणि घेणार असशील तर घोरपड्याला आधी खाली उतरव, त्याचे हात दुखले असतील.

तुझा,
अव्या

ता.क. मनूसाठी नवीन लाल स्केचपेन आणून ठेवलंय. तीन दिवस खिशातच आहे. दिलं तर तिला वाटेल रंग बदल म्हणतोय.