मिलिमीटर सारखे, पाऊस वेगळा

माननीय संपादक,
सप्रेम नमस्कार.

गेल्या आठवड्यात आपल्या शेतीच्या पानावर मराठवाडा आणि इस्रायल यांची तुलना करणारा लेख आला. तिकडे आपल्यापेक्षा कमी पाऊस पडतो तरी शेती पिकते, मग आपल्यालाच का जमत नाही, असा त्याचा सूर होता. हा प्रश्न मी पुढाऱ्यांच्या भाषणांत, कृषी प्रदर्शनांत आणि लग्नाच्या पंगतीतसुद्धा वर्षानुवर्षे ऐकत आलो आहे. एकोणतीस वर्षे मी शाळेत भूगोल शिकवला. घरची सहा एकर जमीन अजून कसतो, आणि २०१८च्या मे महिन्यात शेतकऱ्यांच्या एका अभ्यासदौऱ्यात तो देश आठ दिवस पाहिलाही. म्हणून हे पत्र.

इस्रायलचे क्षेत्रफळ साधारण २२ हजार चौरस किलोमीटर, म्हणजे आमच्या बीडसारखे दोन जिल्हे. पण हा देश उत्तर-दक्षिण चिंचोळा पसरला आहे. उत्तरेला गॅलिलीच्या डोंगरात वर्षाला ७०० मिलिमीटरच्या पुढे पाऊस होतो, तेल अवीवला ५००च्या वर, बीरशेबाला २००च्या आसपास आणि दक्षिण टोकाच्या एलातला जेमतेम ३०. त्यामुळे ‘इस्रायलचा पाऊस’ असा एक आकडा सांगताच येत नाही. जेरुसलेमला साधारण ५५० पडतो आणि आमच्या जिल्ह्याची सरासरी साडेसहाशेच्या घरात आहे. कागदावर आम्हीच वरचढ ठरतो, आणि लेखातला सगळा युक्तिवाद या कागदावरच उभा आहे.

पण हा पाऊस पडतो कधी? त्यांचा पावसाळा ऑक्टोबर-नोव्हेंबरात सुरू होऊन एप्रिलपर्यंत चालतो आणि त्यातला बहुतेक पाऊस डिसेंबर ते फेब्रुवारीत पडतो. भूमध्य समुद्रावरून कमी दाबाची क्षेत्रे पूर्वेकडे सरकतात, ती तो घेऊन येतात. हवा गार असते, ऊन कोवळे असते, पडलेले पाणी जमिनीत मुरायला उसंत मिळते. जून ते सप्टेंबर तिथे आभाळाकडे कोणी बघतच नाही, कारण पाऊस येणार नाही हे पक्के ठाऊक असते. आपले बरोबर उलटे. नैर्ऋत्य मोसमी वारे येतात ते मे महिन्याच्या बेचाळीस-त्रेचाळीस अंशांनी तापलेल्या भुईवर. चार महिन्यांत सगळा हिशेब, आणि त्यातही मोजके दिवस खरे पावसाचे. २०२३चा ऑगस्ट हा देशातला १९०१पासूनचा सर्वांत कोरडा ऑगस्ट ठरला. आमच्याकडे सोयाबीन तेव्हा फुलोऱ्यात होते. दोनच वर्षांनी, २०२५च्या सप्टेंबरात, याच मराठवाड्यात नद्यांनी शेतांतली माती खरवडून नेली. या दोन्ही वर्षांची मिळून सरासरी काढली तर ती बरी दिसेल, पण शेतकरी दोन्ही वर्षांत बुडालेला असतो.

तिथल्या भाषेत हंगामाच्या पहिल्या पावसाला ‘योरे’ आणि शेवटच्याला ‘मलकोश’ असे वेगळे शब्द आहेत. हे ऐकले तेव्हा मला आपली मृग, हस्त, स्वाती ही पावसाची नक्षत्रे आठवली. पाऊस किती पडला यापेक्षा कोणता पडला, हे दोन्हीकडच्या जुन्या माणसांना जास्त कळत होते.

डोंगराचा खेळ मात्र दोन्हीकडे सारखा आहे, आणि वर्गात मी हे उदाहरण फार आवडीने सांगत असे. दोन्हीकडे पाऊस पश्चिमेच्या समुद्रावरून येतो आणि डोंगराच्या पलीकडे जाता जाता संपतो. महाबळेश्वरला साडेपाच हजार मिलिमीटरच्या पुढे पाऊस, आणि घाट उतरून तीसेक किलोमीटरवरच्या वाईला हजाराच्याही खाली. तिकडे जेरुसलेम सुमारे ८०० मीटर उंचीवर. तिथून पूर्वेला आमची बस अर्ध्या तासात उतरून मृत समुद्राच्या काठी पोचली, समुद्रसपाटीच्या चारशेहून अधिक मीटर खाली. वाटेत झाडे संपली, मग गवत संपले, शेवटी नुसता पिवळा खडक उरला. काठावर पाऊस शंभर मिलिमीटरच्याही आत. शेजारी बसलेले माण तालुक्यातले एक शेतकरी खिडकीला नाक लावून म्हणाले, “गुरुजी, हे तर आमचंच गाव, पार खाली खड्ड्यात पडलेलं.”

आता पायाखालचा खडक. माझी विहीर नऊ परस खोल आहे. वर काळी माती, मग मुरूम, मग मांजऱ्या खडक आणि त्याखाली सुरुंगालाही दाद न देणारा काळा पाषाण. पाणी राहते ते मुरुमात आणि फटींत. बेसाल्टच्या पोटात पाणी साठवायला जागाच थोडी, म्हणून भरपूर पावसाच्या वर्षीही फेब्रुवारीत दोरखंड लांबवावा लागतो. इस्रायलच्या मधल्या डोंगरांत चुनखडक आहे. तो पाण्याने झिजून पोकळ होतो आणि हिवाळ्याचा पाऊस पोटात धरून ठेवतो. किनाऱ्यालगत वाळूचा आणि वालुकाश्माचा दुसरा मोठा भूजलसाठा आहे. (डोंगराखालचा साठा बराचसा जॉर्डन नदीच्या पश्चिम तीरावरच्या (वेस्ट बँक) पॅलेस्टिनी भूभागाखाली आहे आणि त्याच्या वाटपाचा वाद जुना आहे, हेही लेखात यायला हवे होते.) तोच थेंब तिथल्या चुनखडकावर पडला तर कित्येक महिने पुरतो, आमच्या पाषाणावर पडला तर नाल्याने निघून जातो.

मी २००९ साली एक एकर मोसंबी लावली आणि तिला ठिबक केले. ठिबकबद्दल माझी काहीच तक्रार नाही, नळ्या अजूनही चांगल्या आहेत. पण २०१६च्या फेब्रुवारीत विहिरीने तळ गाठला, मार्चमध्ये बोअरही हवा फेकू लागले. एप्रिलमध्ये शंभराहून जास्त झाडांवर कुऱ्हाड चालवावी लागली. फळे सुपारीएवढी झाली होती. थेंब थेंब द्यायला आधी विहिरीत पाणी लागते. इस्रायलच्या शेतकऱ्याला वर्षाला किती पाणी मिळणार याचा कोटा ठरलेला असतो, म्हणून त्याला ठिबकाचे गणित मांडता येते.

ते पाणी कुठून येते, हा खरा भूगोल आहे. उत्तरेला हर्मोन पर्वतावर बर्फ पडते. त्या पाण्याने जॉर्डन नदी आणि किनेरेत सरोवर भरते. हे सरोवर समुद्रसपाटीच्या सुमारे २१० मीटर खाली आहे. तिथून पाणी पंपाने वर उचलून १९६४ साली पूर्ण झालेल्या राष्ट्रीय जलवाहिनीने दक्षिणेला नेले. २००५पासून अश्कलोन, हादेरा, सोरेक अशा ठिकाणी समुद्राचे पाणी गोडे करणारे मोठे प्रकल्प उभे राहिले. लोकवस्ती बहुतेक किनाऱ्याला चिकटून, त्यामुळे ते पाणी फार दूर न्यावे लागत नाही. आमच्यापासून समुद्र साडेतीनशे किलोमीटर लांब आणि आम्ही दोन हजार फूट उंचीवर.

२०१८ साली इस्रायलच्याच सरकारी पाणी कंपनीशी राज्य सरकारने मराठवाडा ग्रीडसाठी करार केला. धरणे एकमेकांना जोडण्याची ही योजना आहे. पण मांजरा, माजलगाव आणि सीना कोळेगाव ही धरणे एकाच पर्जन्यछायेत आणि एकाच पावसाच्या भरवशावर आहेत. २०१५चा पाऊस दगावला तेव्हा ती एकदमच कोरडी पडली. तेव्हा लातूरला पाणी कुठून आले? १२ एप्रिल २०१६ला पाच लाख लिटर पाणी घेऊन पहिली रेल्वे मिरजेहून आली. मिरजेच्या कृष्णेचा उगम महाबळेश्वरचा. आमचा हर्मोन सह्याद्रीच्या माथ्यावर आहे आणि नकाशा उघडला की ते दिसते. रिकाम्या हंड्याला दुसरा रिकामा हंडा जोडून पाणी वाढत नाही.

त्यांच्याकडून घेण्यासारखे पुष्कळ आहे, पण ते यंत्रापेक्षा हिशेबात आहे. १९५९च्या कायद्याने तिथले सगळे पाणी, जमिनीखालचेही, जनतेच्या मालकीचे झाले. शेताखालचे पाणी शेतमालकाचे नाही. सांडपाण्यापैकी नव्वद टक्क्यांच्या जवळपास शुद्ध करून शेतीला दिले जाते. याला ना बर्फ लागते ना चुनखडक. आम्ही मात्र सातशे मिलिमीटरच्या मुलखात ऊस लावतो आणि हस्ताच्या ओलीवर येणारी मालदांडी ज्वारी मोडीत काढतो. त्या ज्वारीला काळ्या मातीतली हिवाळ्याची ओल पुरते, वरचे पाणी लागत नाही.

नेगेव्हच्या वाळवंटात दिमोना गावी एका बेने इस्रायली, म्हणजे कोकणातून तिकडे गेलेल्या मराठी ज्यू कुटुंबाच्या घरी चहा झाला. घरातल्या आजी मूळच्या रेवदंड्याच्या, चुलीवरच्या भाकरीइतके खमंग मराठी बोलणाऱ्या. त्यांनी फळीवरचे पापड, चिंचेचे गोळे, वर्षभराचा मसाला दाखवला. “मे लागला की आगोटीचं सामान भरते अजून. पाऊस यायचा नाही हे माहीत आहे, पण हाताला सवय.” मग म्हणाल्या, “इथं पाऊस येतो तो स्वेटर घालून बघायचा. भिजायचा नव्हे.”

संपादक महोदय, एक विनंती आहे. पावसाळ्यात आपण रोज तालुकावार तक्ता छापता: आजचा पाऊस, एकूण पाऊस, सरासरीची टक्केवारी. त्यात आणखी दोन रकाने घाला: पावसाचे दिवस किती झाले आणि सध्याचा खंड किती दिवसांचा आहे. मंडळनिहाय पर्जन्यमापकांच्या नोंदी तहसीलमध्ये रोज येतात, तिथून हे मिळू शकेल. माझ्याकडे आमच्या शिवाराच्या १९९४पासूनच्या रोजच्या नोंदी चार वह्यांत आहेत. हव्या असतील तर घेऊन येतो.

आपला,
एक निवृत्त भूगोल शिक्षक,
ता. अंबाजोगाई, जि. बीड