मण्यारदंश आणि चेतातंतूंचा जोड

मा. संपादक,
स. न. वि. वि.

पावसाळ्यात आमच्या शिराळ्याकडे जमिनीवर झोपलेल्या माणसाला मण्यार चावली, तर जखम बहुधा दिसत नाही, फारसे दुखतही नाही. पण काही तासांत पापण्या जड होऊन मिटू लागतात आणि पुढे श्वास अडखळतो. विषाचा घाव बसतो तो चेतातंतू आणि स्नायू यांच्या जोडावर.

गर्भावस्थेत चेतातंतू स्नायूपर्यंत पोहोचला की त्याच्या टोकातून अ‍ॅग्रिन नावाचे प्रथिन पाझरते, त्याच्या सांगाव्यावरून अ‍ॅसिटिलकोलीन हे चेतातंतूचा संदेश स्नायूला पोहोचवणारे रसायन टिपणारी ग्राही प्रथिने स्नायूच्या पटलावर नेमकी त्या टोकासमोर दाटीने गोळा होतात, आणि सुमारे ५० नॅनोमीटरच्या फटीतून संदेश जाऊ लागतो. मण्यारीचे विष तंतूंची ही टोकेच नष्ट करते. प्रतिविष रक्तातले मोकळे विष निकामी करते, मोडलेला जोड सांधत नाही. टोके पुन्हा वाढून जोड जुळायला दिवस, कधी आठवडेही लागतात, आणि तोवर श्वास यंत्रानेच द्यावा लागतो. म्हणून तालुक्यातालुक्याच्या रुग्णालयांत प्रतिविषाबरोबरच व्हेंटिलेटर आणि तो चालवणारे प्रशिक्षित कर्मचारी रात्रीही हजर असावेत, अशी माझी आग्रहाची मागणी आहे.

— एक विज्ञान शिक्षिका, शिराळा, जि. सांगली