उजवी बाही डावीकडे का जाते?

महोदय,

लग्नसराई आली की जांभळी नाक्यावरून कापड आणून घरीच ब्लाऊज शिवणाऱ्या ठाण्यात पुष्कळ आहेत. बहुतेकींचं घोडं अडतं ते बाहीशी, आणि दोष मशीनच्या माथी जातो.

बाहीचा वरचा गोलवा पुढच्या बाजूला साधारण अर्धा इंच जास्त खोल कापलेला असतो. तिथे खडूची खूण नसेल तर उजवी बाही डावीकडे जोडली जाते. मग पाठीत ओढ बसते, पुढे झोळ येतो. उसवण्याशिवाय इलाज नाही.

सुती कापडात हा गोलवा मुंढ्यापेक्षा (ब्लाऊजला बाही जोडतात त्या गोलाईपेक्षा) अर्धा इंच मोठा असावा. घट्ट विणीच्या पॉलिस्टरला पाव इंचही पुरे, कारण त्यात जास्तीचं कापड जिरत नाही, चुण्या पडतात. गोलव्याच्या कडेला लांब टाक्यांची टीप घालून दोरा हलकाच ओढायचा. बाहीचा मध्य खांद्याच्या शिवणीवर टाचायचा, मग बगल, मग मधला भाग. शिवताना बाही खाली, मशीनच्या कापड सरकवणाऱ्या दात्यांकडे हवी. दाते खालचं कापड किंचित जास्त ओढतात, त्यामुळे जास्तीचं आपोआप सामावतं. (हे क्लासमध्ये क्वचितच सांगतात.)

हात वर केला की ब्लाऊज वर सरकतो, म्हणून बगल आणखी खोल कापणं हा तर उफराटा उपाय. बगल जितकी खाली, तितका हात अख्खा ब्लाऊज ओढतो. बगल वरच ठेवावी, सैलपणा दंडाच्या रुंदीत द्यावा.

— एक वाचक, नौपाडा, ठाणे