‘इंडेक्स टाका’ म्हणजे नेमका कोणता?

महोदय,

आपल्या तंत्रज्ञान पुरवणीतील लेखात ‘क्वेरी मंद असेल तर त्या कॉलमवर इंडेक्स टाका’ असा सल्ला वाचला. कोणता इंडेक्स (हव्या त्या ओळी पटकन शोधून देणारी सूची), हे मात्र त्यात नाही. पोस्टग्रेस या डेटाबेसमध्ये प्रकार सांगितला नाही तर बी-ट्री तयार होतो. बहुतेक कॉलमना तो चालतो. जिथे चालत नाही तिथे तो जागा खातो, प्रत्येक इन्सर्ट (नवी ओळ भरणे) थोडा मंद करतो आणि क्वेरी त्याच्याकडे ढुंकूनही पाहत नाही. प्रकार ठरवताना कॉलममध्ये काय साठवले आहे यापेक्षा क्वेरीच्या व्हेअर या अटीच्या भागात काय विचारले जाते हे आधी पाहावे.

बी-ट्रीत मूल्ये क्रमाने असतात. म्हणून बरोबर, लहान-मोठे, अमुक ते तमुक आणि ऑर्डर बाय (क्रमवारी) यांना तो उत्तम. फसगत होते ती मजकुराच्या शोधात. लाइक (नमुन्यावरून शोध) वापरून सुरुवातीची अक्षरे शोधायची असतील आणि कोलेशन (अक्षरांच्या क्रमाचा नियम) ‘सी’ नसेल, तर इंडेक्स करतानाच टेक्स्ट_पॅटर्न_ऑप्स हा ऑपरेटर क्लास (तुलना कशी करायची ते ठरवणारा पर्याय) द्यावा लागतो. टक्क्याचे चिन्ह (‘इथे काहीही चालेल’) शोधशब्दाच्या आधी आले की तोही निकामी. पहिले अक्षरच माहीत नसताना क्रमाचा काय उपयोग? तिथे पीजी_टीआरजीएम हे एक्स्टेन्शन (जोडसुविधा) घेऊन जिन या प्रकारचा इंडेक्स करावा. तो मजकुराचे तीन-तीन अक्षरी तुकडे साठवतो. साहजिकच, मधली दोनच अक्षरे शोधली तर त्याचाही फायदा नाही.

अ‍ॅरे (मूल्यांची यादी), जेसनबी (जेसन रचनेतील माहिती) आणि फुल टेक्स्ट सर्चलाही जिनच. जेसनबीवर फक्त ‘यात हे आहे का’ एवढेच विचारायचे असेल तर जेसनबी_पाथ_ऑप्स घ्यावा, इंडेक्स बराच लहान होतो. पण अमुक नावाची ‘की’ (किल्ली) अस्तित्वात आहे का, या प्रश्नाला तो उपयोगी नाही. जिनची खरी किंमत लिहिताना मोजावी लागते. नव्या नोंदी आधी पेंडिंग लिस्टमध्ये जमतात, तिची मूळ मर्यादा ४ एमबी. ती ओलांडली की त्या क्षणी आलेल्या इन्सर्टलाच सगळी साफसफाई करावी लागते. एरवी झटपट होणारा इन्सर्ट मधूनच रेंगाळत असेल तर आधी इथे पाहावे आणि मर्यादा कमी करावी किंवा फास्टअपडेट (ही लिस्ट वापरण्याची सोय) बंद करावे.

फक्त भर पडत जाणाऱ्या लॉगच्या टेबलात वेळेच्या कॉलमला ब्रिन हा प्रकार पुरतो. डिस्कवरच्या १२८ पानांमागे (ठोकळ्यांमागे), म्हणजे १ एमबीमागे, तो फक्त किमान आणि कमाल मूल्य ठेवतो, त्यामुळे बी-ट्रीपेक्षा कितीतरी लहान. अट एकच: ओळी डिस्कवर साधारण त्याच क्रमाने असाव्यात. पीजी_स्टॅट्स या आकडेवारीतील कोरिलेशन (कॉलमचा क्रम डिस्कवरच्या क्रमाशी किती जुळतो तो आकडा) १ किंवा उणे १ च्या जवळ असेल तरच त्याच्या नादी लागावे. शून्याजवळ असेल तर उत्तर चुकत नाही, पण जवळजवळ सगळे टेबल वाचले जाते.

हॅश हा प्रकार फक्त ‘बरोबर’साठी, युनिक (मूल्य पुन्हा येऊ न देणारा) इंडेक्स त्यावर करता येत नाही. लांबलचक यूआरएलना तो बरा, कारण बी-ट्री सुमारे २,७०० बाइटांपेक्षा मोठी नोंद नाकारतो. पोस्टग्रेसच्या आवृत्ती १० च्या आधी हॅश क्रॅशनंतर भरवशाचा नव्हता, आता आहे.

स्टेटससारख्या कॉलमला, जिथे बहुतेक ओळी ‘पूर्ण’ असतात, फक्त ‘प्रलंबित’ ओळींचा पार्शल इंडेक्स करावा. क्वेरीत ती अट थेट लिहिलेली हवी. पॅरामीटरमधून (मूल्य नंतर भरले जाते अशा जागेतून) आली तर जेनेरिक प्लॅन (मूल्य न पाहता आखलेला मार्ग) तो इंडेक्स घेत नाही.

चालू टेबलावर हे सारे कॉन्करन्टली (टेबलावरचे लिखाण न अडवता) करावे, आणि तेही ट्रान्झॅक्शनच्या बाहेर. मध्येच फसले तर अवैध इंडेक्स मागे राहतो. तो वाचनाला उपयोगी पडत नाही, पण लिखाणाचा भार मात्र वाढवतो, म्हणून काढून टाकावा. जुने इंडेक्स काढण्यापूर्वी आयडीएक्स_स्कॅनचा (इंडेक्स किती वेळा वापरला गेला तो) आकडा रेप्लिकावरही (डेटाबेसच्या प्रतीवरही) पाहावा, तो तिथे वेगळा मोजला जातो.

– एक डेटाबेस प्रशासक