दादाला दापोलीला पाठवू नका

ती. आई-बाबांना,
सा. नमस्कार.

फोनवर हे बोलायचं टाळलं. बाबा लगेच "आईला देतो" म्हणतात, आई गप्प होते, आणि मग मीच काहीतरी कबूल करून बसते. म्हणून लिहिते आहे. हर्णैहून परत यायचं ठरलं होतं, पण मी येत नाहीये. दाभोळपर्यंत चालत जाईन, फेरीबोटीने धोपाव्याला उतरेन आणि तिथून गुहागर गाठेन. दादाला गाडी घेऊन दापोलीला पाठवू नका.

रागावू नका. रजा मंजूर झाली आहे. ऑफिसात कुणाचं माझ्यावाचून अडलेलं नाही, हे जरा मनाला लागलं, पण सोयीचं आहे. पोर होस्टेलवर, तिच्या बाबांना स्वयंपाक येतो. पैशाचं म्हणाल तर घरगुती राहणं-जेवण हॉटेलच्या मानाने स्वस्तच पडतं. आणि एकटी म्हणजे काही रानात नाही. वाटेत माणसं भेटतात, हटकतात, "कुठल्या तुम्ही, एकट्याच?" विचारतात. आई, तुझ्यासारख्या चौकशा करणाऱ्या बायका इथे दारोदारी आहेत.

आज केळशीहून आंजर्ल्याला आले. निघताना घरमालक काका भरतीची वेळ सांगायला लागले आणि मी मध्येच म्हटलं, "आज सप्तमी. सात पाऊण सव्वापाच." तिथीची पाऊणपट केली की भरती, तिथून सहा तासांनी ओहोटी. काका बघतच राहिले. बाबा, सुट्टीत दुपारी झोपू न देता तुम्ही पाऊणकी म्हणून घेत होतात, तेव्हा मी तुम्हाला मनातल्या मनात काय काय म्हणत असे ते आता सांगत नाही. सप्तमी म्हणजे भांगाची भरती, पाणी फार चढत नाही. उधाणाच्या दिवसांत मी खडकांच्या कडेने जातच नाही, रस्ता धरते. खाडीच्या तोंडाशी पाण्यात उतरत नाही. हे तुम्ही विचारायच्या आधीच सांगून टाकते.

उटंबरचा डोंगर ओलांडताना दम लागला, पण रस्ता चांगला आहे आणि हातात काठी होती. आड्याला भार्गवरामाच्या देवळात गार फरशीवर पाय पसरून बसले. पुढे पाडल्याच्या पुळणीवर ओहोटीची ओली, घट्ट वाळू. बारीक खेकडे वाळू तोंडात घेतात, त्यातलं खाणं काढून घेतात आणि उरलेल्या वाळूची गोळी बाजूला टाकतात, मोहरीपेक्षा जरा मोठी. बिळाभोवती चहूकडे अशा गोळ्यांच्या ओळी. पाऊल वाजलं की खेकडा आत, आपण हललो नाही की पुन्हा बाहेर, कामाला हजर. आई, "त्यांची रांगोळी मोडू नकोस गं" म्हणत तू मला काखेत उचलून पलीकडे ठेवायचीस. आजही मी वळसा घालूनच गेले. कुणी उचलणारं नव्हतं, आणि आता उचलायला माणसं तरी किती लागतील!

इथली खोली स्वच्छ आहे. दाराला आतून कडी आहे (आई). कमोड आहे (बाबा). मच्छरदाणी, बंबातलं कढत पाणी, रात्री मऊभात-मेतकूट. काकू तूप विचारून वाढत नाहीत. पायाला फोड आला होता, तो बसला.

संध्याकाळी कड्यावरच्या गणपतीला जाऊन आले. उजव्या सोंडेचा, तुम्हाला माहीतच आहे. वरून सुवर्णदुर्ग दिसला. पेशव्यांनी इंग्रजांच्या जोडीने तुळाजी आंग्र्यांकडून 1755 मध्ये तो घेतला, त्यावरून बाबांचं अजून पेशव्यांशी भांडण आहे, म्हणून त्यांच्या वतीने एकदा किल्ल्याकडे बघून घेतलं. आपण मिळून इथे आलो होतो त्या वर्षी बाबा वर न येता खालीच थांबले होते. तेव्हा मला नीट कळलं नव्हतं, आता कळतं. बाबा, तुमच्या नावाने दूर्वा वाहिल्या.

पुढे का जातेय? पाय चालतायत तोवर चालून घ्यावं असं वाटलं. तुमचे गुडघे बघून वाटलं, असं नाही. म्हणजे थोडं तसंही आहे, पण तुमचे गुडघे उत्तम आहेत, डॉक्टरच म्हणाले, फक्त व्यायाम करायचा आहे. तो तुम्ही करत नाही. पेपर वाचताना पाय हलवणं म्हणजे व्यायाम नव्हे.

आता ऐका. गोळ्यांची डबी रविवारी रात्रीच भरायची, सोमवारी सकाळी चष्मा शोधत बसायचं नाही. आई, माळ्यावरचा डबा काढायला स्टुलावर चढायचं नाही, त्यात काय आहे ते मला माहीत आहे आणि ते उन्हाळ्यापर्यंत लागणार नाही. बीपी घरी मोजलात तर आकडा लिहून ठेवा, "बरं होतं" असं नको. बाथरूममधली दांडी दादाने बसवली आहे, तिच्यावर टॉवेल वाळत घालू नका, ती धरण्यासाठी आहे. आणि खरंच बरं वाटत नसेल तर लपवू नका. दापोलीहून मुंबईला एसटी आहे, मी लगेच निघेन, चालणं कुठे पळून जात नाही.

रोज दिवेलागणीला फोन करीन. रेंज नसेल तर घरमालकांच्या फोनवरून करीन, तेव्हा अनोळखी नंबर उचला. बाबा, तुम्हीच उचला आणि दोन मिनिटं तरी बोला.

तुमची,
छकुली

ता. क. दादा ऐकणार नाही, मला माहीत आहे. येणारच असेल तर गाडी घरी ठेवून यावं आणि चालायचे बूट आणावेत.