पैलवानास पत्र: पिवळा इशारा आणि उभा ऊस

प्रिय पैलवान,

दिवाळीत तुझा तो लांबलचक व्हॉइस मेसेज आला, ऐकला, पोट धरून हसलो आणि उत्तर द्यायचं राहून गेलं. शिव्या घालणार असशील तर आधी पत्र पुरतं वाच. मी बरा आहे. शुगर आहे तिथंच आहे, आबांच्या दुसऱ्या डोळ्याचं ऑपरेशन झालं, हिचा गुडघा कुरकुरतोय. झाली तब्येत. फोन केला असता, पण आबांचे कान अजून शाबूत आहेत आणि हे त्यांच्यासमोर बोलण्यातलं नाही. म्हणून कागदावर लिहून फोटो पाठवतोय. अक्षराला नावं ठेवू नकोस, तुझं काही मोत्यासारखं नव्हतं.

मळीच्या रानाला तोड आली. आडसाली म्हणजे दीड वर्षाचा ऊस, कधीपासून तोडीची चिठ्ठी देणाऱ्या कारखान्याच्या चिटबॉयच्या मागं लागलो होतो, आणि तोडणीची टोळी दारात यायला अन् हवामान खात्याचा पिवळा इशारा यायला एकच गाठ पडली. बंगालच्या उपसागरातला कमी दाबाचा पट्टा तमिळनाडूवर चढलाय आणि तिथनं अरबी समुद्राकडं निघालाय. २०२४ ला फेंगल पुदुच्चेरीजवळ किनाऱ्याला लागलं तेव्हाही आमच्यावर असंच आभाळ आलं होतं. थंडी गायब, रात्री पंखा लावावा असा उकाडा. उसात साखर भरायची ती थंडीत. आता साखरेचा उतारा घसरणार हे वेगळंच.

आता अंदाज काय म्हणतो बघ. 'कोल्हापूर जिल्ह्यात एक-दोन ठिकाणी मेघगर्जनेसह हलक्या ते मध्यम पावसाची शक्यता.' तू शिकवलंस म्हणून मला कळतं, की त्यांच्या हिशोबात अडीच मिलिमीटरपासून चौसष्टपर्यंत सगळं 'हलका ते मध्यम' मध्ये बसतं. अडीच पडला तर धुरळा बसंल. चाळीस पडला तर पाणंदीत ट्रॉली आखापर्यंत रुतंल, तोडलेला ऊस रानात वाळत पडंल आणि वजन रोज कमी होत जाईल. आणि जिल्हा म्हणजे कुठला? गगनबावडा की शिरोळ? पावसाळ्यात ढग मावळतीकडनं येतात आणि सह्याद्रीला अडतात, तेव्हा आम्हाला आधी कळतं. हा पाऊस उगवतीकडनं येतो, उलट्या दारानं. शुक्रवारचा कृषी सल्लाही वाचला. 'तोडणी केलेला शेतमाल सुरक्षित ठिकाणी ठेवावा.' एकरभर ऊस मी काय माळ्यावर ठेवू?

तुझ्याकडं कॅलिफोर्नियात बरं आहे लेका. हॅनफर्डचं हवामान कार्यालय सॅन वाकीन खोऱ्यापुरतं बोलतं, किती टक्के शक्यता, किती इंच, सिएराच्या डोंगरात बर्फाची रेषा किती फुटांवर. वादळ उबदार असलं की रेषा वर सरकते, बर्फाच्या जागी पाऊस पडतो आणि नद्या फुगतात, हे तू मला २०२३ च्या त्या आकाशातल्या नद्यांच्या, म्हणजे समुद्रावरनं येणाऱ्या बाष्पाच्या लांब पट्ट्यांच्या वेळी दीड तास समजावलं होतंस. आणि एवढं सगळं सांगूनही तिथलं आटलेलं तुलारे तळं परत भरलंच, शेतं पाण्याखाली गेलीच. म्हणजे शहाण्यांचीही तीच गत.

तर घरातली गोष्ट. सकाळी पोरगा मोबाईल घेऊन आला. रंगीत नकाशा, त्यावर वाऱ्याचे बाण. म्हणाला, तोड थांबवू, चार दिवस पुढं ढकलू. आबा चुलीपाशी गेले, मिठाच्या बरणीत बोट घातलं, चोळून बघितलं आणि म्हणाले, "मीठ सुटलं न्हाई अजून. तोडा." पोरानं नकाशा त्यांच्या डोळ्यापुढं धरला. आबा म्हणाले, "ह्यो बाण आपल्या बांधावरनं जातोय व्हय?" मला हसू आलं, आणि तिथंच बिनसलं. पोरगा म्हणाला, "तुम्हाला कोणाचंच ऐकायचं नसेल तर मी पुण्याला जातो, तिथं निदान पगार तरी मिळतो."

पैलवान, तो आवाज तुझा होता. २०१९ च्या महापुरात तिकडनं फोन करून तुझ्या अण्णांना कोयना धरणाचा विसर्ग सांगत होतास, जनावरं हलवा म्हणून ओरडत होतास, तेव्हाचा. मी त्या वेळी अण्णांची बाजू घेतली आणि तू माझ्याशी दोन महिने बोलला नाहीस. अजूनही माझं म्हणणं तेच आहे, बापाला 'हट्टी म्हातारा' म्हणायचं नसतं. म्हैस मी सोडवली, छातीभर पाण्यातनं, त्याची पार्टी तुझ्याकडं बाकी आहे ते वेगळं. पण आता माझ्याच घरात दोन्हीकडं माझीच माणसं. पोराचं चुकतंय असं मला वाटत नाही. आबांचंही वाटत नाही, कारण तोड सोडली तर टोळी दुसऱ्याच्या फडात जाते आणि मग फेब्रुवारीत तुरा आलेल्या उसाकडं बघत बसायचं. मुकादमानं सरळ सांगितलं, त्याची माणसं बसून राहिली तर आगाऊ घेतलेली उचल कशी फिटायची?

शेवटी मी निम्मं रान तोडायला सांगितलं, पाणंदीकडचं. दोघंही माझ्यावर नाराज आहेत. आबा जेवले, पण पोराकडं बघितलं नाही. पोरगा जेवला नाही. रात्री त्यानं आणि हिनं टोळीच्या बायकापोरांना गुऱ्हाळाच्या शेडात आणलं. खोपीवरचा कागद फाटलाय म्हणे. चिपाडंही तोच झाकून आला, मी सांगितलं नव्हतं. जाणाऱ्याचं असलं काम असतं का? मला कळत नाही, तू गेला होतास, तुला माहीत.

वहिनींना नमस्कार. थोरलीचं कॉलेज लागलं म्हणालास ना? कुठलं ते सांगितलं नाहीस. तुझ्या बदामांना फेब्रुवारीत फुलं येतील तेव्हा पाऊस न पडो, मधमाश्या बाहेर पडोत, अजून काय लिहू.

एक काम कर. तू बघतोस ती हवामानाची मॉडेलं बघ आणि पोराला फोन लाव. मला नको, त्याला. पावसाचंच बोल, पुण्याचं तू काढू नकोस. त्यानं काढलं तर ऐकून घे आणि मला सांगू नकोस, म्हणजे लगेच सांगू नकोस.

तुझाच,
पाटील

ता. क. चिटबॉय आत्ता येऊन गेला. ट्रॉली उद्या दुपारी म्हणतोय. म्हणजे परवा. ड्रायव्हरची एंट्री, म्हणजे खेपेमागचे वरचे पैसे, मात्र आजच मागून गेला.